निरोगी पंख्याचं ऑपरेशन

कागद कारखान्यातल्या वाळवणी विभागाचा मोठा पंखा आजारी आहे, असं मी जाहीर केलं, तेव्हा माझी नोकरी नवी होती. आत्मविश्वास मात्र निवृत्तीला आलेल्या माणसाचा होता.

माझं काम यंत्रांची थरथर मोजण्याचं. बेअरिंग म्हणजे दोन पोलादी कड्या आणि त्यांच्यामध्ये फिरणारे गोळे. बाहेरच्या कडीला बारीक खड्डा पडला, की त्यावरून जाताना प्रत्येक गोळा टक करतो. कारखान्याच्या गोंगाटात ही टकटक बुडून जाते. म्हणून यंत्राला चुंबकानं सेन्सर चिकटवायचा, गोंगाट गाळायचा, टक झाल्यावर पोलाद जे किणकिणतं त्याचा चढउतार तेवढा ठेवायचा आणि तो सेकंदाला किती वेळा होतो ते पाहायचं. गोळे किती, वेग किती हे माहीत असलं, की खड्डा कुठल्या कडीवर आहे तेही कळतं. मला हे इतकं सुंदर वाटतं, की एकदा दातांच्या डॉक्टरांना मी ते त्यांच्याच खुर्चीत बसून समजावत होते. त्यांनी तोंडात कापूस जरा लवकरच कोंबला.

ताई त्याच कारखान्यात देखभाल विभागाची प्रमुख. घरी मी तिचे स्वेटर न विचारता घालते, कारखान्यात तिला मॅडम म्हणते. कुठलं यंत्र कधी थांबवायचं, हे ती ठरवायची. पूर्वी हा अधिकार मॅनेजर साहेबांकडे होता आणि ते यंत्र मोडल्यावरच थांबवायचे. ताईनं वर्षानुवर्षं भांडून तो स्वतःकडे घेतला होता.

मी तिला लॅपटॉपवरचा आलेख दाखवला.

"नक्की?" तिनं विचारलं.

"बघ ना, केवढं शिखर आहे. बरोब्बर बाहेरच्या कडीच्या जागी."

"शिखर मलाही दिसतंय. नक्की का, ते सांग."

"नक्की."

फिटर काकांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंख्याच्या बेअरिंगला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. "वाजतंय खरं," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाईंचं बरोबर आहे. ग्रीस मारू का?" काकांच्या मते ग्रीसनं सगळं बरं होतं. माझा घसा बसला होता, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं.

ताईनं पंखा थांबवला. त्याबरोबर कागदाची अख्खी लाइन थांबली. बेअरिंग निघालं, काकांनी ते धुऊन माझ्यासमोर धरलं. कडी आरशासारखी लख्ख होती. तिच्यात माझा चेहरा दिसत होता आणि तो काही फार हुशार दिसत नव्हता.

नवं बेअरिंग बसवलं, पंखा सुरू झाला, मी पुन्हा मोजलं. तेच शिखर, त्याच जागी. इथे कुठल्याही शहाण्या माणसाला शंका आली असती. मी ताईला जाऊन सांगितलं, की नवं बेअरिंगही खराब निघालं.

"दोन्ही खराब?"

"पहिलं नसेल. हे आहे. लॉटच खराब आला असेल."

"लॉट बेअरिंगचाच खराब आलाय, की माणसांचा?"

दुसऱ्यांदा पंखा थांबवायला तिनं साफ नकार दिला. तोवर मॅनेजर साहेब खाली आले होते. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही, हीच वाईट गोष्ट होती. "मॅडम, बहिणीचा लाड घरी करा. अशी आणखी एक लाइन फुकट थांबली, तर थांबवायचं की नाही ते पुन्हा मी ठरवीन."

"ठीक आहे, सर," ताई म्हणाली.

रात्री घरी जेवताना ताई मला म्हणाली, "मीठ देतेस का, प्लीज?" आमच्या घरात प्लीज कोणी म्हणत नाही. आईनं दोघींकडे पाहिलं. "तुमचं काही बिनसलंय का?"

"आमचं नाही, पंख्याचं बिनसलंय," मी म्हणाले.

"पंख्याचं काहीही बिनसलेलं नाही," ताई म्हणाली. "तेच तर झालंय."

दुसऱ्या दिवशी एक रोलर बदलायचा होता, म्हणून लाइन ठरवूनच बंद ठेवली होती. मी पंख्यावरचा सेन्सर काढायला गेले. लॅपटॉप चालू होता. पडद्यावर शिखर होतं. मी पंख्याकडे पाहिलं. पाती जागच्या जागी. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. बंद पंख्याचं बेअरिंग टकटक करत होतं.

लॅपटॉप बिघडला, हा माझा पहिला विचार. मी सोडून बाकी सगळं बिघडलेलं असतं, ही माझी नेहमीची कार्यपद्धती. मग हळूहळू उजेड पडला. मी आजवर फक्त चालू यंत्रं मोजली होती. बंद यंत्र मोजणं म्हणजे रिकाम्या खुर्चीची नाडी बघणं, असं मला वाटायचं. त्या खुर्चीला नाडी होती, पण ती शेजारच्या खुर्चीत बसलेल्याची होती.

पंखा ज्या लोखंडी चौकटीवर होता, तिच्याच दुसऱ्या टोकाला ओल्या कागदातलं पाणी ओढणारा पंप होता. मोटर तशीच, वेग तोच, बेअरिंगही त्याच मापाचं. ओला कागद वाहून नेणारे पट्टे धुण्याचं काम चालू होतं, म्हणून पंपही चालू होता. मी सेन्सर चौकटीवरून एकेक वीत सरकवत नेला. पंपाकडे जावं तसं शिखर वाढत गेलं. पंपाला मी सेन्सर लावलाच नव्हता. सेन्सर मोजके होते आणि मी ते मानाच्या यंत्रांना वाटले होते. पंपावर लोक फडकी वाळत घालायचे.

आता हे ताईला सांगायला हवं होतं. गप्प राहण्याचाही एक मार्ग होता. पंप आपला आपण मोडला असता आणि मला कोणी काही विचारलं नसतं. विचारलं असतं ते ताईला. तिच्या केबिनपर्यंत जाताना मी या मार्गाचा अगदी मनापासून विचार केला. केबिन जरा लांब असती, तर काय केलं असतं ते सांगता येत नाही.

"ताई."

"मॅडम."

"मॅडम, पंख्याला काही झालेलं नव्हतं. मी दोन्ही वेळा चुकले. टकटक पंपातून येतेय."

तिनं पेन खाली ठेवलं. "नक्की?"

"नक्की नाही म्हणणार. पंप मिनिटभर बंद कर. शिखर गेलं, तर पंप. राहिलं, तर मला काहीच कळत नाही, असं समज."

"ते मी समजूनच चाललेय," ती म्हणाली आणि उठली.

पंप थांबला. शिखर पडद्यावरून असं उतरलं, जसं काही कधी नव्हतंच. टकटक पंपाचीच होती, पण बेअरिंगचीच होती की आणखी कशाची, ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि पंप उघडला, तर रोलर बदलून झाला तरी लाइन बंदच राहणार होती. ताईच्या खिशात फोन वाजायला लागला. तिनं नाव पाहिलं आणि तो वाजू दिला.

"काका, उघडा."

बेअरिंग निघेपर्यंत मॅनेजर साहेब येऊन उभे राहिले होते. काका, दोन मदतनीस, साहेब, ताई, सगळे वाकून बघत होते आणि मला फक्त पाठी दिसत होत्या. मी टाचा उंचावल्या. उपयोग झाला नाही.

"आहे का?" मी मागून विचारलं.

ताईनं हात मागे केला, माझं मनगट पकडून पुढे ओढलं आणि माझी तर्जनी बाहेरच्या कडीवर ठेवली. "फिरव."

मी नख फिरवलं. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग ते अडकलं. मसुराएवढा खड्डा होता. मी पुन्हा फिरवलं. पुन्हा अडकलं. मग उलट्या दिशेनं फिरवलं. मग काकांना म्हटलं, तुम्ही फिरवून बघा.

"पुरे," ताई म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "लाइन दुपारपर्यंत बंद राहील, सर."

साहेबांनी कडीवरून स्वतःचं नख फिरवलं. "सुरू कधी करताय, ते कळवा मग," एवढंच म्हणून ते जिना चढून गेले.