पंपाचं तेल

"काका, हे आजकालचं नाही," पंपाचा मेकॅनिक म्हणाला आणि कोटिंग मशीनच्या चेंबरच्या तळाशी फिरवलेलं पांढरं फडकं त्याने पुढे केलं. ते पिवळं, तेलकट झालं होतं. "चेंबरमधली हवा ओढणाऱ्या पंपाचं तेल वाफ होऊन उलटं वर चढतंय. मशीन बसवलं तेव्हापासून. आरशांवर डाग यायचे ना तुमच्या, ते ह्यामुळेच."

कोटिंगवाला फडक्याकडे बघतच राहिला. गुळगुळीत काचेवर धातूचा पातळ थर चढवण्यात त्याची हयात गेली होती. त्या थराला तेलाचा कणही खपत नसे. डाग पडला की साहेब आधी त्याची बोटं हुंगायचे. "घरून काय माखून येता हो?" चारचौघांत हे ऐकून तो इतका भडकला, की त्याने घरात फर्मानच काढलं. तेल नाही, क्रीम नाही, पावडर नाही. बायकोने सगळं मुकाट्याने सोडलं. मुलगी झाली तेव्हा मात्र ती अडून बसली. बाळाला तेल लागणारच.

"मग माझ्याजवळ आणू नकोस तिला," तो म्हणाला होता. शब्दाचा मोठा पक्का! मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत त्याने तिला उचललं नाही. डाग पडतच राहिले आणि तो ते मायलेकींच्या माथी मारत राहिला. पंप उघडून बघावा, हे काही त्याला सुचलं नाही.

संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा माहेरपणाला आलेली मुलगी आपल्या बाळाला तेल चोळत होती. त्याला पाहताच ती सवयीने बाळाला उचलून आत निघाली.

"थांब. दे तिला इकडे."

"बाबा, तेल लावलंय तिला."

"असू दे. डाग पंपाच्या तेलाचे होते. तुमचा काही दोष नव्हता."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "ही लहानपणी तुमच्याकडे रांगत निघाली, की मी पाय धरून मागे ओढायचे हिला," ती म्हणाली. "पंपापायी?"

त्याने नात हातात घेतली. काच धरतात तशी, बोटांच्या टोकांवर, छातीपासून लांब. ती रडायला लागली.

"जवळ घ्या ना, बाबा."

त्याला ते जमेना. मुलीने अलगद बाळ परत घेतलं आणि पाहुण्याशी बोलावं तशा गोडीने म्हणाली, "राहू द्या, बाबा. कपडे खराब होतील तुमचे."

तिच्या खांद्यावर जाताच बाळ गप्प झालं.