मेझी माझ्यावर झोपते

मी एक जुना सोफा-कम-बेड आहे, मित्रांनो. हसू नका. अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या आमच्या दोन खोल्यांत माझ्याएवढं वजनदार दुसरं कुणी नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी हिरवागार होतो. उमेदीची वर्षं एका दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत गेली. दुखऱ्या दाढा घेऊन आलेल्या लोकांना माझं फार कौतुक असे. पुढे कापड विटलं आणि माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली. तिथे मी धूळ खात पडलो. मग एक दिवस लेलंड क्रूपानं मला उचलून आणलं. शॉना आणि तिची चार वर्षांची मुलगी मेझी त्याच्याकडे राहायला येणार होत्या.

मेझी आता आठ वर्षांची आहे, अजून माझ्यावरच झोपते. सख्खा बाप कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. तिला शाळेत सोडणं, ताप आला की उशाशी बसणं, वेण्या घालणं, सगळं लेलंडकडे.

"लेल, हे काय? एक कान झाकलास, एक उघडाच!"

"उघड्या कानानं बाईंचं ऐक. झाकलेल्यानं माझं ऐकतेसच कुठे!"

शॉनाची फुप्फुसं कामातून गेली आहेत, तिला नोकरी जमत नाही. लेलंडशी लग्न केलं तर त्याचा पगार तिच्याही नावे धरतील आणि औषधांची सरकारी मदत बंद होईल. म्हणून लग्न राहिलं.

यंदा कराचा अर्ज भरताना लेलंडनं अवलंबितांमध्ये मेझीचं नाव घातलं. तो हक्क त्याला होताच. पोर वर्षभर त्याच्या घरात राहिली, त्यानंच पोसली. पुढच्या रकान्यात नातं विचारलं होतं. मेझी त्याच्या खांद्यावरून डोकावत होती. त्यानं लिहिलं, 'मुलगी'. तिनं त्या शब्दाचं स्पेलिंग मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि माझ्यावर उड्या मारल्या. मला मुळीच राग आला नाही.

मग करखात्याचं पत्र आलं. मुलगी असल्याचा दाखला पाठवा, माहिती खोटी ठरली तर दंड होईल.

"वेडा आहेस का तू?" शॉनाला धाप लागली. "आपलं लग्न झालंय का? तिथे 'काहीही नाही' असं लिहायचं असतं. तरी ती तुझ्यावर अवलंबून आहे हे मानतात ते."

"तिच्यासमोर कसं लिहू गं मी ते?"

"मग तिच्या माघारी लिही! पण लिही, लेलंड. मला अजून एक भानगड नको आता."

मेझी शाळेत होती. लेलंडनं माझ्यावर बसून दुरुस्तीचा अर्ज भरला. नाव, मेझी. नातं, काहीही नाही. कागद माझ्यावरच ठेवून तो तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. माझ्या फटीत आजवर किती मोजे, किती पेनं गडप झाली! तो एवढा कागद गिळता यावा म्हणून मी जिवाचा आटापिटा केला. नाही जमलं, मित्रांनो. दार उघडलं, मेझी आत आली आणि तिनं तो वाचला.

"अगं, ते नुसतं कागदावर असतं," लेलंड तिला परतपरत सांगत होता. "त्यांचा नियम आहे तसा. माझं म्हणणं नाही ते."

"कळलं," ती म्हणाली.

जेवण झाल्यावर तिनं स्वतःची ताटली धुतली. आजवर कधी धुतली नव्हती. मग उशी पोटाशी धरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मिस्टर क्रूपा," तिनं विचारलं, "आज मी इथे झोपले तर चालेल ना?"

लेलंडनं खाली वाकून माझी घडी उलगडली.

मित्रांनो, तुमच्याही घरी अशी कुणी असेल तर कागद भरण्याआधी तिला जवळ घ्या, धरून ठेवा. मला दोन हात आहेत, पण ते लाकडाचे. ते कुणाभोवती वळत नाहीत.