अठरा ऑगस्टला मी घरी नव्हतो

मी एक जुना, बाभळीचा दरवाजा आहे. तेर गावाजवळच्या एका वाडीत बंडप्पा सुतारांनी मला घडवले. नागूबाईंचे घर राखायचे, एवढेच आपले काम, असे मला वाटे.

पुढे सरकारने हिवतापाविरुद्ध मोहीम काढली. दर पंधरवड्याला कर्मचारी घरोघरी येई. ताप असलेल्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेई, गोळ्या देई आणि माझ्यावर निळ्या पेन्सिलीने तारीख लिही.

मित्रांनो, १९६१च्या ऑगस्टमध्ये तो एकदा आलाच नाही. नागूबाईंची नात अयोध्या दिवसाआड थंडी वाजून तापत होती. एका पहाटे तिची शुद्ध हरपली. चिखलात बैलगाडी रुतली असती, म्हणून शेजाऱ्यांनी मला उतरवले, पोरीला माझ्यावर निजवले आणि खांद्यावरून तेरच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तिला वाचवले. तिसऱ्या दिवशी मी तिला घेऊनच परतलो.

सप्टेंबरात मोहिमेचे साहेब तपासणीला आले. सोबत तो कर्मचारीही होता. साहेबांनी माझ्यावरच्या तारखा मोठ्याने वाचल्या. "चार ऑगस्ट, अठरा ऑगस्ट, एक सप्टेंबर. वेळच्या वेळी आलाय की!"

नागूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी आतून दवाखान्याची चिठ्ठी आणली.

"साहेब, पोरीला नेली त्या दिवसाची ही चिठ्ठी. तारीख काय हाय?"

"अठरा ऑगस्ट."

"मग त्या दिवशी ह्ये कवाड हितं नव्हतंच. पोर ह्याच्यावरच निजवून नेली व्हती."

शेजारचे बब्रुवान म्हणाले, "तारीख लिव्हायला कवाडामागं पळत गेला असंल!"

सगळे हसले. कर्मचाऱ्याची मान खाली गेली. मागाहून आला तेव्हा त्याने चुकलेली तारीखही लिहून टाकली होती.

"ह्याच्या पोटावर पाय देऊ नका, साहेब," नागूबाई म्हणाल्या. "पर पंधरवड्याला मानूस आलाच पायजे. समद्यांच्याच घरात लेकरं हायत."

साहेबांनी ऐकून घेतले. तेव्हापासून प्रत्येक तारखेशेजारी घरच्या माणसाचा अंगठा उमटू लागला. तोच कर्मचारी न चुकता येऊ लागला. हळूहळू वाडीतला ताप हटला. पुढे अंगठ्यांच्या जागी अयोध्येची सही आली.

मित्रांनो, मला उचलणाऱ्या खांद्यांचा, त्या डॉक्टरांचा आणि प्रश्न विचारणाऱ्या नागूबाईंचा मी ऋणी आहे. तुमच्या दारावरही कोणी तारीख लिहील. ती वाचा, आणि काम झाले नसेल तर तसे सांगा.

आता माझा रंग उडाला आहे. परवा रंगारी आला, तेव्हा अयोध्या म्हणाली, "सगळा रंगवा. तारखांची तेवढी फळी सोडा."