राजीनामा

“सर्वर बैठ गया, तो ज़िम्मेदार एडमिन ही होगा ना?” सेठीसाहेब म्हणाले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमची कंपनी गुडगावातल्या नव्या काचेच्या इमारतीत होती. काचा होत्या, कारंजं होतं, वीज मात्र मनात येईल तेव्हा यायची. त्या दिवशी नेमके परदेशी पाहुणे आलेले. जनरेटरवर सगळे एसी चालेनात, म्हणून साहेबांनी सर्वर रूमचा बंद करायला लावला आणि पाहुण्यांच्या खोलीचा चालू ठेवला. सर्वर तापून बिघडेल, हे मी सांगायला गेले. “मग सर्वर तरी बंद करू द्या,” असंही म्हणाले. “डेमो चल रहा है, सुनयना. थोड़ी देर में क्या होता है?”

व्हायचं तेच झालं. ऐन डेमोत डिस्क गेली. मी टेपवरच्या बॅकअपवरून संध्याकाळपर्यंत सगळं परत उभं केलं, तर बक्षीस काय? “हेड ऑफिस को कह दो, मेंटेनेन्स में तुमसे चूक हुई. बात खतम.”

पाहुणे गारव्यात बसले आणि चूक माझी. दिल्लीत इतकी वर्षं काढली, पण संतापले की माझी हिंदी मराठीतूनच येते. मी म्हणाले, “ठीक है सर. कल मैं राजीनामा दूँगी.”

साहेबांचा चेहरा खुलला. “शाबाश! समझदारी इसी में है.” वर चहा मागवला. माझ्या जाण्याचा एवढा आनंद? बसमध्ये मला रडू आवरेना.

मयूर विहारला घरी आल्यावर नवऱ्याला, भालचंद्रला, सगळं सांगितलं. तो कोर्टात नोकरीला. आधी डोळे विस्फारून बघत राहिला, मग पोट धरून हसला.

“अगं, इथे राज़ीनामा म्हणजे समझौता. आमच्याकडे रोज होतात. तू चूक कबूल करतेयस असं वाटलं त्याला.”

“हसतोस काय?”

“अच्छा, नाही हसत. पण नोकरी वाचली ना, यार? राहू दे ना तसंच.”

राहू दे. चूक न करता चुकीची म्हणवून घ्यायचं, आणि तेही एका शब्दाच्या कृपेने. मी त्या रात्री त्याच्याशी बोलले नाही.

सकाळी साहेब हसतच म्हणाले, “आओ, राज़ीनामा कर लें.”

“सर, वो मैंने मराठी में कहा था. हिंदी में उसे इस्तीफ़ा कहते हैं. और वजह मैंने हेड ऑफिस को फ़ोन पर बता दी है. एसी किसने बंद कराया, वो भी.”

मी वळून माझ्या जागेवर आले.

कोणी नोकरी सोडली की त्याचं नाव सिस्टिममधून काढायचं काम माझं. आजवर कितीतरी जणांची काढली. माझं काढायला दुसरं कोणी नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली, माझं नाव शोधलं. खात्री आहे का, असं पडद्यावर विचारलं गेलं. मी ‘हो’ दाबलं आणि पर्स उचलली.