अठरा नंबरची नळी

शनिवारी दुपारी चपलांच्या दुकानाचे दिनेशभाऊ लॅबमध्ये आले ते चिडूनच.

"ताई, सोमवारी तुमी म्हनलं साखर नॉर्मल हाय. मंग हे तोंड काहून कोरडं पडून राह्यलं?"

अंजूने त्यांचं रक्त पुन्हा तपासलं. तीनशे अठ्ठेचाळीस. यंत्र बिघडलं असेल, असं तिला आधी वाटलं. मग तिने सोमवारचं रजिस्टर उघडलं. सतरा नंबर दिनेश, साखर शहाण्णव. अठरा नंबर गोजराबाई, तीनशे एकतीस. आणि तिला आठवलं. नळ्यांवर चिठ्ठ्या लावताना फोन वाजला होता. कान आणि खांद्यात फोन धरून, बोलता बोलताच तिने या दोन चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, एकीची दुसरीवर.

"वाढलीय साखर. आजच डॉक्टरांना दाखवा," एवढंच ती दिनेशभाऊंना म्हणाली. का, ते सांगितलं नाही.

ते गेल्यावर तिने गोजराबाईचा नंबर लावला. बंद. दहा मिनिटांनी पुन्हा लावला. बंद. साखर नसलेली बाई पाच दिवसांपासून साखर उतरवायच्या गोळ्या खात असणार. वाशिमजवळच्या मालेगावच्या या लॅबमध्ये अंजूला अकरा वर्षं झाली होती. अशा गोळ्यांनी काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

संध्याकाळी लॅबचे मालक उत्कर्षसर यांचा अकोल्याहून फोन आला. "काही विशेष?"

"नाही सर," ती बोलून गेली, आणि फोन ठेवून पुन्हा गोजराबाईचा नंबर लावला. बंद.

घरी आली तेव्हा आई, ललिताबाई, अंगणात शेंगा सोलत होती. मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून तिचं आयुष्य गेलेलं. चेहरा बघून दुखणं ओळखायची. तिने दोनदा विचारल्यावर अंजूने सगळं सांगून टाकलं.

ललिताबाईचे हात थांबले. "देवाले सांगतलं?"

"हो. दुपारपासून तेच करून राह्यली मी. गुडघे टेकले, रडली. तरी शांती नाई लागत."

"त्याले त आधीच मालूम होतं. त्या बाईले कधी सांगतं?"

"पोलिसात दिलं त? नोकरी गेली त आपून काय करायचं, आई?"

आई पुढच्या मूठभर शेंगा सोलत राहिली.

रविवारी सकाळी भाड्याच्या हॉलमध्ये त्यांच्या ख्रिस्ती मंडळीची उपासना होती. मंडळीत दहा-बारा कुटुंबं. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायचं काम अंजूकडे असे. ती उभी राहिली. "हे प्रभू, जे अंथरुणावर आहेत त्यांना..." पुढचा शब्द येईना. सगळे डोळे मिटून वाट बघत होते. अंजूने पर्स उचलली आणि ती सरळ बाहेर पडली. लॅब उघडून साखर मोजायचं छोटं यंत्र घेतलं, आणि स्कूटी काढली.

रजिस्टरात पत्ता होता, पांदणीकडचा, म्हणजे शेतरस्त्यावरचा, भाजीचा मळा. रस्ता दोन किलोमीटरचाच, पण संपत नव्हता. 'प्रभू, ती जिवंत असू दे. बाकी काही मागत नाही,' ती पुटपुटत होती, आणि मनात म्हणत होती, खोटं बोलतेस, तुला नोकरीही पाहिजे.

मळ्यातल्या घरापुढे सात-आठ चपला पडल्या होत्या. ते बघून ती स्कूटी तशीच टाकून दाराकडे धावली.

आत गोजराबाई खाटेवर होती. कपाळ घामाने डबडबलेलं, डोळे अर्धवट. भोवती शेजारच्या बाया. नवरा चंपत उशाशी बसला होता.

"मी लॅबवाली अंजू. काय झालं?"

"सकायपासून बरळून राह्यली. डॉक्टरनं गोड बंद केलं, त हिनं भाकरबी सोडली. गोळी मात्र टाइमावर घेते."

अंजूने बोटाला सुई टोचली. सेहेचाळीस. साखर पार उतरलेली. "साखरेचं पानी आना, लौकर!"

गोजराबाईला गिळता येतंय याची खात्री करून तिने घोट-घोट पाणी पाजलं. पंधरा मिनिटं ती नाडी धरून बसली. मग गोजराबाईने डोळे उघडले आणि सुनेला विचारलं, "तनुजा, कोन आलं वं?"

चंपतने अंजूपुढे हात जोडले. "देवासारक्या धावून आल्या, बाई."

बायाही कौतुकाने बघत होत्या. गोळ्या बंद करा, उद्या पुन्हा तपासू, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिला आशीर्वाद मिळाले असते. वाक्य अगदी ओठावर आलं होतं.

"काका, हात जोडू नका," ती म्हणाली. "हे माह्याच हातानं झालं. काकूले साखर नाईच. दुसऱ्याचा रिपोर्ट म्या त्यायच्या नावावर देल्ला."

चंपतने जोडलेले हात सोडले. मग ताडकन उठला. "मरून गेली असती माही बायको!"

"हो."

"अन् तोंड वर करून हो म्हनता?" त्याने लाथ मारलेला तांब्या भिंतीवर आदळला.

अंजू जागची हलली नाही. भीती गेली नव्हती. पण कालपासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं होतं. जो देव कितीही हाका मारल्या तरी लांब वाटत होता, तो तिच्या अगदी शेजारी उभा असल्यासारखं तिला वाटलं. त्याने चंपतचा राग कमी केला नाही. तो फक्त तिथे होता.

"आवो, चिल्लावता काय," खाटेवरून क्षीण आवाज आला. "आधी दवाखान्यात न्या मले."

"लगेच न्या," अंजू म्हणाली. "गोळीचा असर हाय तवर साखर पुन्हा उतरू शकते."

गाडी येईपर्यंत अंगणात उभं राहून तिने उत्कर्षसरांना फोन केला आणि कालचं 'नाही' परत घेतलं. त्यानंतर दिनेशभाऊंना.

वाशिमच्या दवाखान्यातून गोजराबाई तिसऱ्या दिवशी चालत घरी आली. उत्कर्षसरांनी अंजूला घरी बसवलं. किती दिवस, ते सांगितलं नाही. चंपतने तक्रार केली. दिनेशभाऊ आता दुसऱ्या लॅबमध्ये जातात. आणि एका सोमवारचं अंजूला चौकशीसाठी वाशिमला बोलावणं आलं.

"भेव वाटते का?" आईने विचारलं.

"वाटते," अंजू म्हणाली. तिने वेणी घातली, कागदांची पिशवी घेतली आणि साडेनऊची एसटी पकडली. खिडकीशी बसल्यावर तिला झोप लागली. वाशिम आलं तेव्हा कंडक्टरने उठवलं.