पथ्याचे उरलेले दिवस

बिंदुजाच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला, तरी अंबुजाक्षीने तिच्या पानात मीठ येऊ दिलं नव्हतं. काविळीवर वैद्यरांनी भुईआवळीचं औषध दिलं, तेव्हाच मीठ, तेल, मिरची बंद झाली. आता औषध संपून 'नल्लिरिक्का' चालू होती. जितके दिवस औषध, तितकेच दिवस पुढे पथ्य. ओट्टप्पालमच्या घरांत हे कुणाला शिकवावं लागत नाही. गेलेली ताकद याच दिवसांत भरून येते. म्हणून ञवरा तांदळाची अळणी पेज आणि तांब्यामागून तांब्या जिऱ्याचं पाणी.

"अम्मा, ही पेज मांजरसुद्धा हुंगून सोडून देईल," बिंदुजा कुरकुरायची.

"मांजराला कावीळ झाली नव्हती. गीळ मुकाट्यानं."

मग कुरकूर थांबली. अंबुजाक्षीला वाटलं, पोरगी शहाणी झाली. काल तिला उलटी झाली, आज ती सारखी पेंगत होती. वेणी घालून घेताना बिंदुजा हळूच म्हणाली, "अच्छन अजून बाजारातून आले नाहीत?"

अंबुजाक्षीचा हात केसांतच थांबला. बिंदुजाचे वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

अंबुजाक्षीचा धाकटा भाऊ काविळीतच गेला होता. जाण्याआधी तोही असाच घरात नसलेल्या माणसांशी बोलत होता. कावीळ डोक्यात चढली, असं तेव्हा सगळे म्हणाले होते. तिने लेकीची पापणी ओढून पाहिली. आत पांढरं स्वच्छ. पिवळं बाहेर दिसत नाही म्हणजे ते आत डोक्यातच गेलं, या विचाराने तिला जास्तच धडकी भरली.

निरोप मिळताच कुट्टिकृष्णन वैद्यर स्कूटरवरून आले. त्यांनी नाडी पाहिली, दोनदा हाका मारल्या. बिंदुजाने डोळे उघडून मिटले.

"काय खातेय ही?"

"तुम्ही सांगितलंत तेच. मिठाचा कण शिवू दिला नाही."

"अजून?"

"नल्लिरिक्का चालू आहे ना!"

"अहो अम्मा, मीठ औषधापुरतंच बंद होतं! पुढे फक्त जड खायचं नाही, दगदग करायची नाही." वैद्यरांचा आवाज खाली आला. "मी तोंड उघडून सांगायला हवं होतं. रिक्षा बोलवा. हिचं रक्त तपासायला हवं, हे माझ्या हातातलं नाही."

"चिमूटभर मीठ पाण्यात घालून देऊ?"

"गुंगीत आहे ती. घशाखाली काही घालू नका!"

इस्पितळात कळलं, रक्तातलं मीठ फार खाली गेलं होतं. अळणी खाणं, उलटी आणि वर तेवढं पाणी. सलाईन लागलं.

"जरा जोरात सोडा ना," अंबुजाक्षीने डॉक्टरीणबाईंना विनवलं.

"नाही अम्मा. मीठ एकदम वाढलं तर मेंदूलाच इजा होते. हळूहळूच."

मग ती नळीतले थेंब बघत बसली. थेंब रेंगाळला की तिचा श्वास अडकायचा, आणि दोन लागोपाठ पडले की त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी बिंदुजाने आपणहून नर्सला विचारलं, "सिस्टर, इथे खायला देतात की नुसतंच टोचतात?" नर्स हसत मीठ घातलेली पेज घेऊन आली आणि वाटी अंबुजाक्षीपुढे धरली. "घ्या, भरवा लेकीला."

अंबुजाक्षीने हात पदराखाली घेतले. "तूच भरव, पोरी. मला नको सांगू."

"अम्मा, असं काय करतेस?" बिंदुजाने उठून स्वतः वाटी घेतली. तिने पहिला घोट घेतला. तो खाली उतरेपर्यंत अंबुजाक्षीने तिच्या गळ्यावरून नजर हलवली नाही.