चिकूची शेपटी

२००६ सालचा उन्हाळा. अमेरिकेत प्लेनोला मुलाकडे येऊन चौथ्याच दिवशी मालिनीबाईंना ओट्यावर पाल दिसली आणि चाळीस वर्षं नागपूरच्या स्वयंपाकघरात मुरलेला हात आपसूक झाडूकडे गेला. नेम चुकला असता तर बरं होतं. शेपटी तुटून वळवळू लागली आणि नऊ वर्षांच्या नातीनं, स्वानंदीनं, ते दारातून पाहिलं.

ती पाल चक्क पाळलेली होती, काचेच्या पेटीतून निसटलेली. न्यू कॅलेडोनिया नावाच्या कुठल्याशा बेटावरची जात, डोळ्यांवर पापण्यांसारखे काटे, नाव चिकू; स्वानंदीला वाढदिवसाला मिळालेली. पाल विकत आणतात हेच मालिनीबाईंच्या डोक्यात शिरेना. पण पोरीच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्यांचा जीव कासावीस झाला.

"रडू नको गं. पालीची शेपटी परत येते. महिन्याभरात बघ. आजीचा शब्द."

"ओके, आजी," स्वानंदी म्हणाली.

तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी मालिनीबाई त्या पेटीशी हजर. नातीची फूटपट्टी काचेला लावून त्या बुडख्याचं माप घेत. दोन महिने झाले तरी शेपटी तसूभरही वाढेना. जन्मभर पाली पाहिल्या, पण ही बया काही ऐकायला तयार नव्हती. चौथ्या महिन्यात त्यांनी मुलाला, शंतनूला, गाडी काढायला लावली आणि पेट शॉप गाठलं. तिथल्या बाईंना विचारून शंतनू म्हणाला, "आई, या जातीची शेपटी एकदा गेली की गेली. परत येत नाही."

झाडू मारल्यापेक्षा शब्द खोटा पडला हे मालिनीबाईंना जास्त लागलं होतं. घरी आल्या त्या तडक नातीच्या खोलीत गेल्या.

"स्वानंदी, मी चुकीचं सांगितलं गं. मला माहीत नव्हतं, तरी शब्द दिला."

"आय नो, आजी. फर्स्ट डेलाच बुकमध्ये वाचलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"यू वेअर सो शुअर. आणि तू रोज मेजर करायचीस."

मालिनीबाई पलंगाच्या कडेला बसल्या. चार महिने ही पोर आपल्याला सांभाळून घेत होती. त्यांना लाज वाटली आणि भरूनही आलं. स्वानंदीनं चिकूला त्यांच्या तळहातावर ठेवलं. गार, मऊ पावलं लागली. झटकावंसं वाटलं, पण त्यांनी हात हलू दिला नाही.

"नेक्स्ट समरला येशील ना?"

'हो तर' अगदी ओठांवर आलं होतं. वय त्र्याहत्तर, गुडघे हे असे, आणि विमानाचा एवढा प्रवास.

"माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "यायचं मात्र फार मनात आहे."

स्वानंदीनं मान हलवली आणि ती आजीला खेटून बसली.